सातव्या प्रश्नावरची खूण

सातव्या प्रश्नापाशी येऊन दयानंदाचे पेन थांबले. आधीचे सहा प्रश्न त्याने सपाट्याने हातावेगळे केले होते. नाव, वय, कामाची वर्षे, हात उजवा की डावा, चष्मा आहे की नाही, बोटांना कधी इजा झाली आहे काय. फॉर्म इंग्रजीत होता आणि दयानंदाचे इंग्रजी दहावीच्या उंबरठ्यावर अडखळून तिथेच बसलेले होते. तरी ओठ हलवीत वाचता वाचता अर्थ लागत गेला. फॉर्म त्याचा स्वतःचा नव्हता. स्वतःचा त्याने मघाच भरून दिला होता. हा परसूअण्णाचा होता, आणि परसूअण्णाचा प्रत्येक कागद गेली तेवीस वर्षे दयानंदच भरीत आला होता: दवाखान्याचा, रेशनचा, मुलीच्या शाळेचा, फंडाचा. परसूअण्णा कानडी शाळेत चौथीपर्यंत गेलेला. सही तेवढी ठसठशीत करी, आणि ती कुठे करायची ते दयानंदाने बोट ठेवून दाखवावे लागे. बोट ठेवले की तिथे सही होई. वर काय लिहिले आहे असे त्याने विचारलेले दयानंदाला आठवत नव्हते. सातवा प्रश्न असा होता: एखादी वस्तू पुढे सरकवायची असता आपण चाक कोणत्या बाजूस फिरवता, नेहमीच्या की उलट? आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की, उत्तर ‘उलट’ असल्यास पडद्याची दिशा तशी आधीच लावून ठेवण्यात येईल. चाचणी सुरू झाल्यावर त्यात बदल करता येणार नाही.

स्वतःच्या फॉर्मवर याच प्रश्नाला त्याने क्षणाचाही विचार न करता खूण केली होती. चाक सरळच फिरते, त्यात विचारायचे ते काय! आता मात्र पेनाचे टोक कागदावर टेकून राहिले आणि तिथे शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा होऊ लागला. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या चौथ्या मजल्यावर यंत्राची गार हवा कोंडलेली होती. सोफा इतका मऊ होता की बसताच माणसाचे गुडघे छातीशी येत. परसूअण्णाने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि दोन्ही हात मांड्यांवर असे ठेवले होते, जणू कोणी ते त्याच्यापाशी सांभाळायला दिले आहेत. ते हात दयानंद पाहत राहिला. उजव्या मनगटाच्या बाजूला गाठ आली होती. ती गाठ कोणत्या चाकाने दिली, आणि ते चाक कोणत्या बाजूला फिरत असे, हे त्या इमारतीत ठाऊक असलेली माणसे दोनच होती, आणि ती दोन्ही या क्षणी त्या सोफ्यावर बसलेली होती.

पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या कारखान्यात आठ लेथ होते. त्यांतल्या सहाव्याचा, हत्यार पुढे-मागे सरकवणारा स्क्रू फार वर्षांपूर्वी झिजला, तेव्हा थोरल्या मालकांनी तो स्वस्तात दुसरीकडून बनवून आणला. बनवणाऱ्याने आटे उलटे पाडले. चाक उजवीकडे फिरवावे तर हत्यार जॉबकडे, म्हणजे कापायच्या तुकड्याकडे, जाण्याऐवजी मागे येई. डावीकडे फिरवावे तेव्हा पुढे जाई. उद्या बदलू, परवा बदलू, असे म्हणता म्हणता ते तसेच राहिले आणि मशीनला ‘उलटी’ हे नाव पडले. उलटीवर कोणी उभे राहीना. परसूअण्णा राहिला, आणि एकोणीस वर्षे राहिला. त्याचा हातच मुळी तसा घडून गेला. घरचा नळ बंद करताना तो आधी जोरात सोडतो आणि त्याची बायको कस्तुराक्का पदर झटकीत त्याला शिव्या घालते, ही गंमत साऱ्या वस्तीला माहीत होती. उलटीवर त्याच्यासारखे काम दुसऱ्या कोणाच्याने होत नसे, म्हणून त्याला कोणी हलवीत नसे. त्याला स्वतःलाही वाटत असावे की, जोवर ही वाकडी मशीन आहे तोवर आपली भाकरी सरळ आहे.

आणि आता कारखाना देवनहळ्ळीकडे नव्या शेडमध्ये चालला होता. तिथे सगळी संगणकाची यंत्रे, आणि प्रत्येक यंत्रापाशी एक काचेची पाटी. त्या पाटीवर जॉबच्या याद्या, नकाशे, मापे, हजारो ओळी, बोटाने सरकवायच्या. पाटी बनवणाऱ्या कंपनीला कळून घ्यायचे होते की कारखान्यातल्या माणसाला लांबलचक यादी कशी सरकवणे सोपे जाते: नुसते बोट वर-खाली ओढून, की काचेवर बोट गोल गोल फिरवून, की तेच वर्तुळ पेनासारख्या कांडीने काढून. त्यासाठी त्यांनी खरे टर्नर मागितले. मालक वासुदेव, म्हणजे थोरल्या मालकांचे चिरंजीव, यांनी दोघांना केबिनमध्ये बोलावून सांगितले, “जुन्यांपैकी एकाचीच जागा आहे तिकडे. दोघांनाही घ्यावं वाटतं, पण नाही जमत. तिथं ज्याचा हात बसेल त्याला घेऊन जातो. पाटीवाल्या कंपनीच्या मॅडम कळवतील.” परसूअण्णा कानडीत म्हणाला, “सरी,” म्हणजे बरं. बाहेर येऊन दयानंदाच्या पाठीवर थाप मारून तो हसला होता. “तुझं कर तू, माझं करतो मी. काय व्हायचं ते हुईल.” त्या थापेचे वजन दयानंदाला तीन दिवस पाठीवर जाणवत होते. आज सकाळी डबा बांधताना महानंदा, त्याची बायको, पाठ फिरवूनच म्हणाली होती, “दोघांतला एक म्हणजे तुम्हीच ना?” आणि तो डबा उचलून बाहेर पडला होता. एक्कावन्नाव्या वर्षी लेथवरच्या माणसाला दुसरीकडे कोण उभे करतो? परसूअण्णाचे वय छप्पन्न. म्हणजे त्याला तर मुळीच कोणी करणार नाही.

“काय विचारायलंय रे ते?” परसूअण्णाने विचारले.

हा प्रश्न त्याने आजच का विचारावा? तेवीस वर्षांत न विचारलेला प्रश्न!

“काही नाही अण्णा. चष्म्याचंच पुन्हा विचारलंय.”

“मग लिही की. लांबचं दिसतंय, जवळचं दिसत नाही म्हणून लिही. खरं आहे ते लिहायला काय जातंय?”

दयानंदाने ‘नेहमीच्या’ या शब्दापुढच्या चौकोनात खूण केली. खूण चांगली आली. शाईच्या ठिपक्यापासूनच त्याने ती वर ओढली, त्यामुळे ठिपका खुणेत मिसळून गेला आणि पेन कुठे थबकले होते याचा मागमूसही राहिला नाही. मग त्याने सहीच्या जागी बोट ठेवले. परसूअण्णाने जिभेचे टोक दातांत धरून सही केली आणि ती जरा दूर धरून पाहिली. “बरी आलीया,” तो म्हणाला.

मैत्रेयी नावाच्या ज्या बाई चाचणी घेणार होत्या त्या पुण्याच्या निघाल्या. तिशीच्या आतबाहेर वय, पायांत कापडी बूट, गळ्यात ओळखपत्र. मराठी ऐकून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दोघांनाही कॉफी आणवली. “काका, एक गोष्ट आधीच क्लिअर करते हं. आम्ही तुम्हाला टेस्ट करत नाही आहोत. आम्ही डिव्हाइसला टेस्ट करतोय. तुमचं काही चुकलं तर ती आमची चूक, तुमची नाही. ओके?” परसूअण्णाने मान डोलावली आणि दयानंदाच्या कानाशी हळूच म्हणाला, “भली बाई आहे.” दयानंदाला वाटले, किती सहजपणे बोलून गेली ही! हिला ठाऊकच नाही की हिच्या टेबलावर दोन संसार ठेवलेले आहेत आणि त्यांतला एक ही संध्याकाळपर्यंत उचलून देणार आहे. “आणि एक,” त्या म्हणाल्या, “करताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. काहीही. शिवी आली तरी चालेल.”

पहिला नंबर दयानंदाचा लागला. आतल्या खोलीत टेबलावर पाटी तिरपी बसवली होती आणि वरून एक कॅमेरा तिच्यावर वाकून पाहत होता. यादी सहाशे ओळींची. बाई आकडा सांगत, ती ओळ निळ्या पट्ट्यात आणून थांबवायची. आधी नुसते बोट ओढायचे. ते सगळ्यांनाच येते, पण चारशे ओळी जायच्या म्हणजे बोट उचला, ओढा, उचला, ओढा, आणि जोर जास्त झाला की यादी भरधाव सुटे. मग पडद्यावर एक कडे उमटले, त्याच्या कडेने बोट फिरवायचे. नजर यादीवर गेली की बोट कड्यावरून घसरे आणि सगळे थांबे. मग कडे नाहीसे झाले. आता वर्तुळ कुठेही काढा, बाई म्हणाल्या, लहान काढा, मोठे काढा, वाकडे काढा, फिरत फिरत कुठेही जाऊ द्या. ही पाटी बोटाचे वळण तेवढे बघते. दयानंदाने उजवीकडे पहिले वळण घेतले मात्र, आणि त्याच्या दंडातून एक जुनी ओळख सरसरत गेली. हे तर चाक! वर्तुळ लहान केले की यादी धावू लागे, मोठे केले की पावले मोजल्यासारखी चाले. तीनशे ओळी त्याने डाळीएवढ्या फेऱ्यांत ओलांडल्या, शेवटच्या दहा ओळींना हात सैल सोडून परातीएवढा घेर घेतला, आणि ४१२ ही ओळ निळ्या पट्ट्यात अलगद येऊन बसली. “वॉव,” बाई म्हणाल्या. कांडी हातात आली तेव्हा तळहात काचेवर टेकता आला, टोकाखालचे सगळे दिसू लागले. बोटाने जे झाकले जाई ते कांडीने उघडे पडे. तरी त्याला बोटच बरे वाटले. कांडीत काचेचा स्पर्श मरतो. हे त्याने मोठ्याने सांगितले आणि बाईंनी लिहून घेतले. आपले शब्द कोणी लिहून घेते आहे, या गोष्टीचे त्याला अतोनात सुख झाले.

ते सुख झाले आणि त्याच्या बुडाशी परसूअण्णाचा आवाज हलला. “बोटानं नको फिरवू, मनगटानं फिरव. चाकच सांगतंय थांब म्हणून. ऐकून घे.” दयानंद तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. संकेश्वराजवळच्या गावातून परसूअण्णानेच त्याला इकडे कारखान्यात आणले होते. स्वतःच्या खोलीत चार महिने ठेवून घेतले, कस्तुराक्काने त्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा धुतले. तेलकट हात दयानंदाच्या हातावर ठेवून परसूअण्णाने चाक फिरवायला शिकवले. तो हात अजून दयानंदाच्या हातावर होता म्हटले तरी चालेल. आत्ता काचेवर जे वर्तुळ निघाले आणि ज्याला बाई वॉव म्हणाल्या, ते कोणाचे होते? ऋण माणसाला नम्र करते असे तो ऐकत आला होता. त्याला तसा अनुभव कधी आला नाही. रोज समोर उभ्या असलेल्या उपकारकर्त्याकडे पाहून त्याच्या मनात कधीकधी एक बारीकसा तिटकारा उठे. त्याचे कारण सापडत नसे, म्हणून तो आणखीच अण्णा, अण्णा करी.

आणि ते हसणे होते. परसूअण्णा एकदा आठवडाभर गावी गेला असता, उलटीवर मी उभा राहतो, असे दयानंद आपण होऊन म्हणाला. त्याला दाखवून द्यायचे होते. दुसऱ्याच जॉबला, शेवटच्या कापाच्या वेळी, हत्यार मागे घ्यायला म्हणून त्याने सवयीने चाक डावीकडे फिरवले आणि हत्यार जॉबमध्ये घुसले. मोठा आवाज झाला, हत्याराचा तुकडा उडून भिंतीवर आपटला. परसूअण्णा परतल्यावर त्याला कळले, तेव्हा तो खो खो हसला. “ह्याचा हात सरळ आहे! माझ्या मशीनला वाकडाच हात पाहिजे!” सगळा कारखाना हसला. पुढे दोन वर्षे चहाच्या वेळी कोणीतरी ‘सरळ आला, सरळ आला’ असे म्हणे आणि परसूअण्णा प्रेमाने म्हणे, “असू दे रे, पोरगा आहे माझा.” हसण्यापेक्षा ते प्रेमाने म्हणणे जास्त लागले होते. पण यासाठी का आपण ती खूण केली? छे. कोणी विचारले असते तर त्याने साफ नाकारले असते. आपण महानंदासाठी केली. आपण पोटासाठी केली. त्याने मनातल्या मनात ही कारणे एकामागून एक मांडली आणि प्रत्येक कारण खरे होते. खरे असूनही ते कोणतेही कारण अंगाला बसेना.

“काका, तुम्ही बाहेर बसून कंटाळाल. इथं बसा, मित्राचं बघा,” असे म्हणून मैत्रेयीबाईंनी त्याला शेजारच्या एका अंधाऱ्या लहान खोलीत बसवले. तिथे भिंतीवर मोठा पडदा होता. पडद्यावर वरून दिसणारी पाटी, आणि तिच्या दोन बाजूंना परसूअण्णाचे दोन हात. चेहरा दिसत नव्हता. आवाज एका डबीतून येत होता, इतका जवळून की श्वासही ऐकू यावा.

बोट ओढून सरकवणे परसूअण्णाला जमले. सावकाश, पण जमले. मग वर्तुळाची पाळी आली. यादी पहिल्या ओळीवर उभी होती. बाई म्हणाल्या, “दोनशे सत्तर.” परसूअण्णाचे बोट काचेवर टेकले आणि डावीकडे फिरू लागले. सुंदर फिरत होते. घेर एकसारखा, कुठे कोपरा नाही, कुठे अडखळ नाही. यादी हलली नाही. पहिल्या ओळीच्या मागे जायला जागाच नव्हती. बोट फिरत राहिले, फिरत राहिले, आणि यादी मख्खपणे जिथल्या तिथे.

“बाई, हे फिरंना झालंय,” डबीतून आवाज आला. “माझं बोट वाळलंय काय?” कपड्यावर बोट पुसल्याचा आवाज. पुन्हा डावीकडे. “आं? हालंना की. दयाला फिरलं नव्हं?” मग बोट चुकून दुसरीकडे वळले आणि यादी खाली सुटली. “आं! आलं आलं. असं हाय होय!” तो हसला. दोनशे सत्तरपर्यंत तो पोचला, दोनशे शहात्तरला गेला. सहा ओळी मागे यायला त्याचा हात उजवीकडेच वळला आणि यादी तीनशेच्या पुढे निसटली. मग थांबून, स्वतःला आवरून, एकेक वळण मनाशी ठरवून त्याने ती मागे आणली. आणि पट्ट्याच्या अगदी जवळ आल्यावर, जिथे माणूस विचार करीत नाही, जिथे मनगटच काम करते, तिथे एकोणीस वर्षे पुन्हा उलटी फिरली. “थुत् तुझ्या!” तो हातालाच म्हणाला. “स्वल्प थांब की रे. ऐकंना माझं.” पुढचा आकडा. पुढचा. प्रत्येक वेळी पहिले वळण उलट. मग कांडी आली. कांडीने वर्तुळ इवलेसे निघते, आणि इवलेसे वर्तुळ यादीला भरधाव पळवते. एका चुकीच्या वळणासरशी शंभर शंभर ओळी उडू लागल्या. परसूअण्णाची बोटे कांडीवर पांढरी पडली. पाटीच्या काठावर घामाचा एक थेंब पडलेला वरच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसला आणि एका हाताने तो घाईघाईने पुसला, घरची वस्तू खराब होऊ नये तसा.

दयानंद पाहत होता. त्याला वाटले होते की आपल्याला पाहवणार नाही. पाहवत होते. इतकेच नव्हे, तर तो मनाशी ओळी मोजू लागला होता. किती पुढे गेली, किती मागे आली. एकदा परसूअण्णा अकस्मात बरोबर थांबला तेव्हा दयानंदाची मोजणी तिथेच तुटली, आणि पुढच्या खेपेला यादी पुन्हा उलट सुटली तेव्हा त्याला आतून जे सैल सैल वाटले त्या भावनेचे नाव त्याला चांगले ठाऊक होते. त्या अंधारात आपल्या तोंडावर हसू तर नाही ना, हे पाहण्यासाठी त्याने ओठांवरून हात फिरवला.

“बाई,” डबीतला आवाज म्हणाला, “माझा हात उलटा आहे. माझं मशीन उलटं होतं, त्यानं. हे तुमचं उलटं करायला येत नाही काय?”

“येतं ना काका,” मैत्रेयीबाई म्हणाल्या. “पण आता मधे नाही करता येणार. ते फॉर्ममध्ये आधी विचारलं होतं. सातवा प्रश्न. चाक कुठल्या बाजूला फिरवता म्हणून. तुमच्या फॉर्मवर ‘नेहमीच्या’वर टिक आहे.”

पडद्यावर दोन हात होते. कांडी धरलेला उजवा हात काचेवरून वर उचलला गेला आणि हवेत तसाच राहिला. किती वेळ? दयानंदाला नंतर कधीही सांगता आले नसते. गार हवेचा घरघर आवाज तेवढा चालू होता. त्याने त्या हाताकडे टक लावून पाहिले आणि त्याला लख्ख दिसले की, हाताला सगळे कळले आहे. सोफा कळला, पेन थबकले ते कळले, चष्म्याचे कळले. मग तो हात हळूहळू खाली आला.

“होय होय,” परसूअण्णा म्हणाला. “विचारलं होतं. विसरलो बघा.”

“इट्स ओके काका. आता शेवटचे पाचच आकडे. आणि तुम्ही बोलायचं थांबलात! बोला ना. मनात येईल ते.”

“मनात काही येत नाही, बाई.”

शेवटचे पाच आकडे त्याने मुकाट्याने केले. ते त्याच्या सगळ्या आकड्यांत सर्वांत वाईट गेले.

तिघे पुन्हा सोफ्यांच्या खोलीत आले तेव्हा मैत्रेयीबाईंच्या हातात फॉर्म होता. त्यांच्या कपाळाला आठी होती आणि ती खरोखरीच्या कळकळीची होती. त्या दयानंदाला म्हणाल्या, “मला एक विचारायचंय. काकांचा पॅटर्न कन्सिस्टंटली रिव्हर्स आहे. इन फॅक्ट, उलट धरलं तर ते मी पाहिलेल्यांत सगळ्यांत स्मूद आहेत. फॉर्म तुम्ही भरलात ना? तिथं चुकून टिक झाली असेल तर हे रेकॉर्डिंग बाद करता येतं. परवा पुन्हा बोलावते मी त्यांना, दिशा बदलून. फक्त ज्यांनी फॉर्म भरला त्यांनी तसं सांगायला हवं. चूक झाली का?”

एवढेच होते. एक ‘हो’ म्हणायचे होते. आणि चूक हा शब्दसुद्धा त्या बाईनेच पुढे करून दिला होता. चूक कोणाच्याही हातून होते. चूक म्हटल्याने माणूस वाईट ठरत नाही. दयानंदाने परसूअण्णाकडे पाहिले. परसूअण्णा त्याच्याकडे पाहत होता. त्या पाहण्यात राग नव्हता, विनवणी नव्हती. नकाशा समोर ठेवून शिकाऊ माणूस काय करतो ते पाहावे, तसा तो थांबला होता. आणि दयानंदाच्या मनात आले की, याने मघाशीच माझ्यावर पांघरूण घातले आहे. विचारलं होतं, असे आपल्या तोंडाने सांगून टाकले आहे. आता मी चूक कबूल केली तर हा खोटा ठरेल. असला विचार माणसाला कुठून सुचतो? तो सुचला, आणि सुचताक्षणी त्याचा आवाज अगदी शांत झाला.

“मी वाचून दाखवला होता, मॅडम. अण्णाच म्हणाले, नेहमीसारखंच लिही.”

बाईंनी परसूअण्णाकडे पाहिले.

“होय बाई,” परसूअण्णा म्हणाला. “त्यानं काय चुकीचं लिहिलं नाही.”

“ओके. मग सरांना मी फक्त एवढंच कळवते की दोघांत कोण जास्त कम्फर्टेबल वाटलं. त्यांनी एका ओळीत विचारलं होतं.” जाताना त्यांनी दोघांनाही कापडी पिशवीतून एकेक भेट दिली: पाण्याची बाटली आणि वही. परसूअण्णाने वही उघडून कोरी पाने चाळली आणि पुन्हा पिशवीत ठेवली.

बसथांब्यावर उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती. डोक्यावरच्या उंच रस्त्यावरून गाड्या एकसारख्या जात होत्या आणि खांबांतून त्यांचा दणका पायांपर्यंत येत होता. दयानंद वाट पाहत होता. आता हा शिवी देईल, कानाखाली मारील, निदान थुंकेल. ते झाले असते तर उद्यापासून दोघांचेही काहीतरी सुरू झाले असते. परसूअण्णा बसचे नंबर वाचीत उभा होता. आकडे त्याला वाचता येत. फोन वाजला. मालक वासुदेवांचा आवाज मुळातच मोठा. “दयानंद, मॅडमचा मेसेज आला. तूच. सोमवारपासून देवनहळ्ळी. गेटवर नाव देऊन ठेवतो. आणि परसूला तूच सांग बाबा, मला नाही व्हायचं ते. थोरला माणूस आहे.”

फोन खिशात ठेवून दयानंद म्हणाला, “अण्णा—”

“ऐकलं. मालक फोनवर पण ओरडतोय.” मग रस्त्याकडेच पाहत तो म्हणाला, “उलटी आता भंगारात घालतील.”

“हो.”

“दया, ते मी हसलो होतो बघ त्या वेळी. हत्यार मोडलास तेव्हा. त्याचं तुझ्या मनात होतं काय?”

“नाही अण्णा. छे! तसलं काही नाही.”

परसूअण्णाने प्रथमच त्याच्याकडे वळून पाहिले. “असतं तर बरं झालं असतं की रे,” तो म्हणाला.

बस आली. दाराशी गर्दी झाली आणि सवयीप्रमाणे दयानंद आधी आत घुसला. दोघांत जागा धरायचे काम त्याचेच असे. तिसऱ्या रांगेत खिडकीशी जागा मिळाली. तो बसला, शेजारी आपली कापडी पिशवी ठेवली आणि दाराकडे पाहू लागला. माणसे चढत होती. परसूअण्णा थांब्यावरच उभा होता. “अण्णा, चढा की!” दयानंद खिडकीतून ओरडला. परसूअण्णाने ऐकले की नाही कोण जाणे. त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि पाठ फिरवून तो मागच्या चहाच्या टपरीकडे चालू लागला, सावकाश, कोणतीही घाई नसल्यासारखा. बस हलली. वळणावर टपरी दिसेनाशी झाली तेव्हा कोणीतरी खांद्याला हात लावला. डब्याची पिशवी घेतलेला एक पोक्त गृहस्थ रिकाम्या जागेकडे बोट दाखवीत कानडीत विचारीत होता, इथे कोणी येणार आहे काय?

“इल्ल,” दयानंद नकारार्थी मान हलवीत म्हणाला, आणि त्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली.